छातीत कळ घेऊन आलेला पेशंट : सुई इथेच टोचायची की आधी गाडी काढायची?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर बरेच आहेत, सिस्टर आहेत, आणि कुणा ना कुणा पेशंटचे नातेवाईक तर आपण सगळेच आहोत, म्हणून हा धागा काढतोय. मी पाटण तालुक्यात वरच्या अंगाला सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी आहे. एमबीबीएस, हृदयरोगतज्ज्ञ नाही.

हार्ट अटॅकचा ईसीजी समोर आहे, त्यातला एसटी नावाचा भाग सरळ वर गेलाय. कराडला कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) आहे, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. नियम सांगतो की निदानाच्या ईसीजीपासून १२० मिनिटांत बंद रक्तवाहिनीत तार जाणार असेल तर अँजिओप्लास्टी, नाहीतर १० मिनिटांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. दीड तास १२० मिनिटांत बसतो, म्हणून सगळे म्हणतात, पुढे पाठवा.

मला हे पटत नाही. हा हिशोब गाडी सुटल्यापासून तिथलं गेट येईपर्यंतचा आहे. गाडी यायला लागणारा वेळ त्यात नाही. मुंबईच्या मुलाला फोन लागेपर्यंत घरचे हलत नाहीत, तोही नाही. पोचल्यावर कॅज्युअल्टीत पुन्हा ईसीजी, रेशनकार्ड शोधणं, रात्र असेल तर टीम घरून येणं, हे सगळं धरलं तर तीन तास सहज जातात. तेवढा वेळ स्नायू मरत असतो. माझं म्हणणं, आमच्यासारख्या ठिकाणी सुई आधी आणि गाडी नंतर, हाच नेम असावा. तुमचे अनुभव सांगा. विरोधही करा, पण कारणासकट.

चहाबाज

वाचनखूण साठवली. धाग्याला शिंगं फुटायच्या आत पहिली रांग पकडतो.

जुना_दवाखाना

कोयनाकाठ, तळमळ पोचली. पण मी विरोधात आहे. आयुष्यभर गावात प्रॅक्टिस केली आहे. या इंजेक्शनाने शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. शंभरातला तो एक तुमच्याच टेबलावर गेला तर अटॅक होता हे घरचे विसरतात. 'सुई दिली आणि गेला' एवढंच गावभर होतं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्यात २०१० पासून आहे, पण दगड येतो तेव्हा कायदा तालुक्याच्या गावी असतो. छोट्या डॉक्टरने अ‍ॅस्पिरिन चावायला द्यावी, क्लोपिडोग्रेल (गुठळी वाढू न देणारी गोळी) द्यावी, शीर लावावी आणि गाडीत बसवावं. पुढचं ज्याचं काम त्याने करावं.

कॅथलॅबवाला

मी अँजिओप्लास्टी करतो, त्यामुळे 'पाठवा' असं मी म्हणेन ही अपेक्षा असेल. पण कोयनाकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला आधारही आहे. २०१३ सालच्या स्ट्रीम नावाच्या चाचणीत हाच प्रश्न होता. दुखणं सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले रुग्ण घेतले होते. एका गटाला जागेवरच टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग अँजिओग्राफीला नेलं, दुसऱ्याला थेट अँजिओप्लास्टीला. मृत्यू, शॉक (बीपी कोसळणं), हार्ट फेल्युअर आणि पुन्हा अटॅक हे सगळं मिळून दोन्ही गट साधारण सारखेच निघाले. मेंदूतला रक्तस्राव सुईच्या गटात जास्त होता. म्हणून चाचणी चालू असतानाच ७५ आणि त्यापुढच्या वयाला डोस निम्मा केला. त्यानंतर तो फरक बराच आटोक्यात आला.

जुना_दवाखाना सर, तुमची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सुई कुणाला द्यायची नाही हे पाठ असणं. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात झालेला, डोक्याला नुकताच मार लागलेला, अंगात कुठे रक्तस्राव चालू असलेला, आणि महाधमनी फाटल्याचा संशय असलेला रुग्ण. शेवटचा सगळ्यात फसवा. पाठीत फाडल्यासारखी कळ असेल तर दोन्ही हातांचं बीपी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. मोठा फरक दिसला तर सुई बाजूला ठेवा आणि फोन उचला. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणा.

आणि वेळेबद्दल एक. गुठळी ताजी असते तेव्हाच औषध तिला नीट विरघळवतं. पहिल्या दोन-तीन तासांत दिलेली सुई आणि सहाव्या तासाला दिलेली सुई, बाटली तीच असली तरी काम सारखं होत नाही.

पेशंटची_लेक

डॉक्टर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईला मधुमेह. पहाटे घाम सुटला, मळमळ, जबडा आणि डावा खांदा जड झाला. छातीत दुखत नव्हतंच. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर 'ॲसिडिटी आहे' म्हणून शिरेतून पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी धाडलं. ईसीजीचं मशीन तिथेच कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेला. दुपारी दुसरीकडे ईसीजी काढला तेव्हा अटॅक सकाळीच होऊन गेल्याचं कळलं. आई आहे, पण जिना चढताना थांबते. सुई की गाडी हे नंतर ठरवा हो, आधी त्या मशीनवरचा टॉवेल काढा.

तालुका_फिजिशियन

लेक, तुमचं लिहिलेलं प्रत्येक कॅज्युअल्टीत मोठ्या अक्षरांत लावलं पाहिजे. बायका, मधुमेही आणि म्हातारी माणसं यांना छातीत कळ येईलच असं नाही. धाप लागते, घाम येतो, उलटी होते, गळून जातात. चाळिशीपुढचं माणूस जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखतंय किंवा दम लागतोय म्हणत आलं की आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. केसपेपर नंतर. आणि चाळिशीही फार घट्ट धरू नका. इंटरहार्ट या २००४ मधल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं होतं, बाकी देशांत ते ५९ च्या आसपास होतं.

पहिला ईसीजी नॉर्मल म्हणजे सुटका नव्हे. दुखणं चालू असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढा. ट्रोपोनिनची (हृदयाचा स्नायू मरू लागला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) पट्टी पहिल्या दोन-तीन तासांत निगेटिव्ह येऊ शकते, तिच्या भरवशावर कुणाला घरी पाठवू नका. आणि एसटी वर गेलेला दिसतोय तर ट्रोपोनिनची वाटच पाहू नका.

आणखी एक. अटॅकचा संशय असेल तर दुखणं थांबवायला कमरेत डायक्लोफेनॅक टोचू नका. मागाहून गुठळीचं औषध दिलं की टोचलेल्या जागी रक्त साकळतं, आणि ते औषध हृदयालाही चांगलं नाही.

घाटातली_सिस्टर

सगळे ईसीजी वाचण्याबद्दल बोलताहेत, काढण्याबद्दल कुणीच नाही. म्हणून मी लिहिते.

छातीवरचे इलेक्ट्रोड व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीच्या फटीत लागतात. नवीन मुली घाईत दुसऱ्या फटीत लावतात, कारण ब्लाऊज किंवा बनियन पूर्ण वर करायला संकोच वाटतो. मग ग्राफमध्ये नसलेला आजार दिसतो. मी असं शिकवते : गळ्याखालच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून खाली आणा, मध्ये एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून आणखी दोन फटी खाली. व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली सरळ रेषेत. व्ही३ हे व्ही२ आणि व्ही४ यांच्या मध्ये, म्हणून व्ही४ आधी लावायचं आणि व्ही३ नंतर. बाईमाणसाचं स्तन हळूच वर धरून खाली लावायचं. पडदा ओढायचा, नातेवाइकाला बाहेर उभं करायचं, बाईला आधी सांगायचं काय करतोय ते.

शेतातून आलेला माणूस घामाने चिंब असतो. पुसून, स्पिरिट लावून, केस असतील तर रेझर फिरवून मगच इलेक्ट्रोड. पंख्याची नाहीतर इन्व्हर्टरची थरथर ग्राफवर आली तर एक मिनिट बंद करा. ग्राफवरच्या ओळींत (लीडमध्ये) लीड एक पूर्ण उलटी आणि एव्हीआर सुलटी दिसली तर आधी हातांच्या वायरी तपासा, बहुतेक वेळा त्याच अदलाबदल झालेल्या असतात. आणि स्पीड २५, उंची १० आहे ना, हे ग्राफच्या कडेला बघून घ्या.

चहाबाज

सिस्टर, वाचता वाचता स्वतःच्याच बरगड्या मोजल्या. चौथी फट सापडली!

कॅथलॅबवाला

सिस्टर, _/\_. यात फक्त एक भर घालतो. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला, म्हणजे लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर, की तोच व्ही४चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच जागी लावून एक पट्टी काढा. तिथेही एसटी वर असेल तर हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडलाय. अशा रुग्णाला जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटची गोळी) दिली की बीपी धाडकन कोसळतं. छातीत दुखतंय म्हटलं की खिशातली सॉर्बिट्रेट आधी जिभेखाली, ही सवय आपल्याकडे डॉक्टरांनाही आहे. आधी बीपी बघा, ईसीजी बघा. आणि पुरुषांना बाजूला घेऊन विचारा, सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेची) गोळी घेतली आहे का. चोवीस तासांत घेतली असेल तर नायट्रेट नाही, टॅडॅलाफिल असेल तर अठ्ठेचाळीस तास नाही. बायकोसमोर विचारलंत तर उत्तर कायम 'नाही' येणार.

व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेलेला असेल तर मागच्या भिंतीचा विचार करा, पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावून बघा.

वाळपईकर

आमच्या गोव्यात यावर काम झालंय म्हणून लिहितो. स्टेमी (म्हणजे एसटी वर गेलेला अटॅक) गोवा प्रकल्प २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज केंद्रस्थानी, आणि भोवती छोटी आरोग्य केंद्रं. केंद्रावर ईसीजी निघतो, तो ऑनलाइन जातो, तिकडचा डॉक्टर काही मिनिटांत वाचून कळवतो. अटॅक असेल तर सुई तिथेच, मग १०८ मधून बांबोळी. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला याचा अर्थ काय, तो तिथल्या माणसालाच कळतो. डॉक्टर एकटा पडत नाही, ही यातली मुख्य गोष्ट. जुना_दवाखाना सर म्हणतात ती भीती एकटेपणाची जास्त आहे असं मला वाटतं.

जुना_दवाखाना

वाळपईकर, हे मात्र मान्य. माझ्या काळात विचारायला कुणी नव्हतं. पलीकडून तज्ज्ञाने लेखी 'द्या' म्हटलं आणि नातेवाइकांची सही घेतली असेल तर माझा विरोध निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा मात्र ठेवतो. सुई दिल्यावर बीपी पडलं, लय बिघडली तर सांभाळायला तिथे कोण आहे? डीफिब्रिलेटर (शॉक देऊन लय सुधारणारं यंत्र) चार्ज केलेला आहे का? तो नसेल तर सुई देऊ नये, हे माझं ठाम मत.

१०८_वरचा_डॉक्टर

डीफिब्रिलेटर सुई न देताही लागतोच, सर. पहिल्या तासात लय बिघडूनच माणसं जातात, गुठळीचं औषध मिळालेलं असो वा नसो. आणि तशीच वेळ गाडीतही येते.

राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली, त्यात २३३ अ‍ॅडव्हान्स आणि बाकीच्या बेसिक. फोन करताना नुसतं 'पेशंट सिरीयस आहे' म्हणू नका. 'हार्ट अटॅक, ईसीजीत आहे, अ‍ॅडव्हान्स गाडी हवी' असं म्हणा. तिकडे बसलेल्याला निवड करायला तेवढं वाक्य पुरतं. ऑक्सिजन सरसकट लावू नका. सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच.

पोलादपूरवाला

थोडं विषयांतर, पण हृदयाचंच आहे. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. लाल विंचू चावला की ईसीजी बिघडतो, एसटीही हलतो, हृदय कमजोर पडतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. इथे गुठळीचा काही संबंध नसतो. हातपाय गार, दरदरून घाम, उलट्या, नाडी धावते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये आलं, आणि पुढे प्राझोसिन या बीपीच्या साध्या गोळीने चित्र पालटलं. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, आणि रुग्णाला आडवंच ठेवायचं. २०११ मध्ये प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिली तर रुग्ण लवकर सावरतात हेही त्यांनी चाचणी करून दाखवलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर काय करू शकतो, असं कुणी विचारलं तर मी हे नाव सांगतो.

भामरागडची_वाट

पोलादपूरवाला, मस्त आठवण. आमच्याकडे १२० मिनिटांची चर्चाच होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि गाव तुटतं. गडचिरोली गाठायलाच कित्येक तास, नागपूर त्यापुढे. तिथे सुई हा एकच इलाज हातात असतो. त्यामुळे कोयनाकाठ, तुमचा प्रश्न मला थोडा सुखाचा वाटला, राग मानू नका. :)

टेनेक्टेप्लेस नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज सुद्धा चालतं, हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही. १५ लाख युनिट, सलाइनमध्ये, अर्धा ते एक तास. १९८८ मधल्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के, काहीच न मिळालेल्यांत १३.२ टक्के. देताना बीपी पडलं तर वेग कमी करा, पाय वर घ्या, थोडं सलाइन द्या. आणि ज्याला एकदा दिलंय त्याला पुन्हा देऊ नका, शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. म्हणून रुग्णाच्या कागदावर औषधाचं नाव ठळक लिहा.

लिव्हरपूलहून

इकडे अँब्युलन्सवाला घरीच बारा लीडचा ईसीजी काढतो आणि अटॅक असेल तर कॅज्युअल्टी टाळून गाडी थेट कॅथलॅबच्या दारात लावतो. यातली पैशाशिवाय उचलता येण्यासारखी एकच गोष्ट : कॅथलॅबचा थेट नंबर. कोयनाकाठ, कराडच्या कॅज्युअल्टीच्या बोर्डावर फोन न करता कॅथलॅबच्या ड्युटीवरच्या माणसाचा नंबर मिळवा. गाडी निघतानाच टीम घरून निघाली तर तुमचा बराच वेळ वाचेल. मग कदाचित दिवसा सरळ पाठवणंही १२० मध्ये बसेल.

तालुका_फिजिशियन

लिव्हरपूलहून यांच्याशी सहमत, आणि त्यामुळेच कोयनाकाठ यांच्या 'सुई आधी' या सरसकट नेमाशी असहमत. शॉकमध्ये असलेला रुग्ण, दुखणं सुरू होऊन बारा तास उलटून गेलेला, किंवा सुई चालणारच नाही असा, यांना गाडीच, एक मिनिटही न थांबता. बाकीच्यांसाठी वेळ खरीखुरी मोजा. महिनाभर प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आल्याची वेळ, ईसीजीची वेळ, गाडी सुटल्याची वेळ आणि तार गेल्याची वेळ लिहा. मग भांडायला आकडे असतील.

तज्ज्ञाला ईसीजीचा फोटो पाठवताना : ग्राफ सपाट ठेवा, बाराही लीड एका फोटोत, सावली नको, कडेचं नाव-वय-वेळ कापू नका. सोबत लिहा, दुखणं कधी सुरू झालं आणि बीपी किती. अर्धा फोटो बघून 'द्या' असं मी कधीच सांगत नाही.

कोयनाकाठ

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. तालुका_फिजिशियन सर, सरसकट नेम नको हे पटलं. त्या चारही वेळांच्या नोंदीचा कागद आजच केलाय. कॅथलॅबचा थेट नंबर सकाळीच मिळवला, तिथल्या डॉक्टरांनी स्वतः दिला, कुणी आधी विचारलाच नव्हता म्हणाले. दिवसा मोकळ्या रस्त्याला आधी त्यांना फोन. रात्री, पावसात, किंवा गाडी वीस मिनिटांत येत नसेल तेव्हा, तीन तासांच्या आत आलेल्याला सुई इथेच. यावर मात्र मी ठाम आहे.

दोन शंका राहिल्या. सुईसोबत क्लोपिडोग्रेल किती? आणि सुई दिल्यावर रुग्णाचं दुखणं थांबलं तर त्याला आपल्याकडेच ठेवावं का? घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय, कशाला न्यायचं.

कॅथलॅबवाला

७५ वर्षांपर्यंत ३०० मिलिग्रॅम, त्यापुढे ७५ च. सुई दिली असेल तर लगेच टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल (त्याच जातीतल्या जास्त जोरकस गोळ्या) नको. हेपरिन किंवा इनॉक्सापरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन जोडीला लागतंच.

ठेवायचं अजिबात नाही. सुई देऊन झाली की गाडी बोलवा, रुग्ण रस्त्याला लागला पाहिजे. तासा-दीड तासाने ईसीजी परत काढायचा. एसटी निम्म्याहून खाली आला नसेल तर वाहिनी उघडलेली नाही, रुग्णाला ताबडतोब कॅथलॅब. आला असेल तरीही दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी. सुईने गुठळी विरघळते, वाहिनीतला अरुंद भाग तसाच राहतो, तो पुन्हा बंद पडू शकतो. घरच्यांना हेच सांगा, याच शब्दांत. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार सोबत द्यायला सांगा, म्हणजे तिकडे अडणार नाही.

घाटातली_सिस्टर

आणि दोन्ही ईसीजी, आधीचा आणि नंतरचा, केसपेपरला स्टेपल करा. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने औषधाचं नाव, डोस आणि टोचल्याची वेळ. ग्राफ कुणाच्या तरी खिशात राहतो आणि तिकडचे विचारत बसतात.

कोयनाकाठ

सिस्टर, तुमचा बरगड्या मोजण्याचा परिच्छेद छापून मशीनशेजारी लावू का? शनिवारी आमच्या स्टाफला बसवून शिकवणार आहे.

घाटातली_सिस्टर

खुशाल लावा. पण नुसतं वाचून दाखवू नका डॉक्टर, प्रत्येकीला एकमेकींवर लावायला सांगा, आणि उजव्या बाजूचा व्ही४ पण.